कळविण्यात येते की, कोणालाही काही कळू नये

आंतरराष्ट्रीय शाळेतील, आयबीच्या (‘इंटरनॅशनल बॅकलॉरिएट’ या संस्थेच्या) अकरावी-बारावीच्या तोडीच्या डिप्लोमा प्रोग्रॅमच्या समन्वयकपदी आपली नुकतीच नेमणूक झाली असेल, तर प्रथम आपले मनःपूर्वक अभिनंदन. यापुढे दर आठवड्याला शिक्षकांना ‘स्टाफ अपडेट’ पाठविण्याचे काम आपल्याकडे येईल. ते कसे करावे हे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात शिकवले जात नाही. म्हणून अशी अपडेट्स वर्षानुवर्षे वाचत आलेली, किंवा खरे सांगायचे तर वाचल्याचे कळवत आलेली, एक शिक्षिका या नात्याने मी अनुभवाच्या चार गोष्टी आपल्यापुढे ठेवत आहे.

अपडेट पाठवायचे ते शिक्षकांना काहीतरी कळावे म्हणून, असा नवख्या समन्वयकांचा एक भाबडा समज असतो. तो प्रथम मनातून काढून टाकावा. अपडेट कळविण्यासाठी असते. कळविणे हे आपले काम, कळून घेणे हे शिक्षकाचे. पुढे काही बिघडलेच, तर ‘हे अमुक तारखेच्या अपडेटमध्ये कळविलेले आहे’ एवढे एक वाक्य आपल्या हाती असले म्हणजे आपण सुटलात.

पाठविण्याची वेळ विचारपूर्वक निवडावी. आठवड्याचा शेवटचा तास संपून शिक्षकाने दप्तर आवरले, की त्यानंतरच्या अर्ध्या तासात अपडेट जावे, आणि त्यात मागितलेली माहिती सुट्टी संपल्यावर पहिल्या तासाच्या आत हवी असावी.

विषयाच्या ओळीत ‘अत्यंत महत्त्वाचे’ असे लिहावे. दर वेळी लिहावे.

सुरुवात प्रेरणादायी असावी. त्यासाठी ‘लर्नर प्रोफाइल’मधले, म्हणजे विद्यार्थ्यात असावेत असे आयबीला वाटते ते, 10 गुण आपल्या दिमतीला आहेतच, दर आठवड्याला एक घ्यावा, त्यावर दोन परिच्छेद लिहावेत, आणि कामाचा मजकूर वाचकाला लगेच सापडणार नाही इतका खाली ढकलावा. आमच्याकडे ‘बॅलन्स्ड’ या गुणाच्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी तीन तासांचे अनिवार्य मनःस्वास्थ्य सत्र ठेवण्यात आले होते, आणि ‘कम्युनिकेटर’ या गुणाच्या आठवड्यातले अपडेट त्या वर्षातले सर्वांत लांब होते.

भाषेच्या बाबतीत आद्याक्षरांवर भिस्त ठेवावी. ‘टीओकेची पीपीएफ आणि ईईची आरपीपीएफ आयएच्या पीजीआधी एचओडींमार्फत डीपीसीकडे द्यावी’ असे एखादे वाक्य दर अपडेटमध्ये असावेच. जुना शिक्षक ते दोनदा वाचून पुढे जातो, आणि नव्याने रुजू झालेला, आपल्यालाच समजले नसावे अशा समजुतीने, कोणालाही काही विचारत नाही.

तारखा एकाहून अधिक ठेवाव्यात. आयबीची एक, शाळेची एक, विभागप्रमुखांची एक आणि विद्यार्थ्यांना सांगायची एक अशा निदान चार तारखा असल्या, की त्यांतली खरी कोणती यावर शिक्षक-कक्षात निकोप चर्चा होत राहते. अंतर्गत मूल्यमापनाच्या बाबतीत ही चर्चा विशेष रंगते. शिक्षकाने गुण भरल्यावर काही कामांचा नमुना मॉडरेशनसाठी, म्हणजे बाहेरून फेरतपासणीसाठी, मागवला जातो, आणि शिक्षकाचा हात सैल किंवा आखडता आढळला तर एकट्यादुकट्याचे नव्हे, अख्ख्या वर्गाचे गुण वरखाली होतात. त्यामुळे गुण आधी आपसांत पडताळून घ्यावेत हे सांगणे रास्तच आहे. ते कोणाला सांगतो आहोत, एवढे मात्र पाहू नये. मागच्या वर्षी ‘आपल्या विषयातील सर्व शिक्षकांची पडताळणी बैठक घेऊन इतिवृत्त पाठवावे’ अशी सूचना मला आली. माझ्या विषयाला शिक्षिका मी एकटी आहे. मी ठरल्या वेळी बसले, स्वतःशी चर्चा केली, एका कामाच्या गुणांबाबत थोडे मतभेद झाले, अखेर एकमत झाले, आणि तसे इतिवृत्त मी पाठवले. ‘उत्तम सहकार्य’ असे उत्तर आले. ते इतिवृत्त कोणी वाचले असेल अशी शंकाही मला येत नाही.

फाइलचे नाव ‘अंतिम’ ठेवावे. पुढच्या आठवड्यात ‘अंतिम सुधारित’ पाठवावी, आणि सुधारले काय ते सांगू नये.

अपडेट फारच दुर्बोध झाले, तर ते समजावून सांगण्यासाठी बैठक बोलवावी. उच्च स्तरावरच्या विषयाला 240 आणि सामान्य स्तरावरच्या विषयाला 150 अध्यापन-तास मिळावेत अशी अपेक्षा असते. त्यांतला एखादा तास या कामी आला तर विद्यार्थ्यांची फारशी तक्रार नसते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे दुवा. महत्त्वाचा बदल अपडेटमध्ये कधीही लिहू नये. ‘येथे पाहावे’ असे लिहून ‘येथे’ या शब्दामागे तो लपवावा. दुवा उघडू पाहणाऱ्याला ‘आपणास परवानगी नाही, परवानगीची विनंती करा’ अशी पाटी दिसली, तर उत्तमच. हा उपाय किती परिणामकारक आहे हे मी गेल्या पंधरवड्यात स्वतः अनुभवले असल्यामुळे थोडे विस्ताराने सांगते.

डिप्लोमा प्रोग्रॅममध्ये प्रत्येक विद्यार्थ्याला 4000 शब्दांच्या मर्यादेत एक्स्टेंडेड एसे (ईई), म्हणजे संशोधनपर दीर्घ निबंध, लिहावा लागतो, आणि एक शिक्षक त्याचा पर्यवेक्षक असतो. एसे आणि टीओके (‘थिअरी ऑफ नॉलेज’, म्हणजे ज्ञान कसे मिळते याचा विचार करणारा विषय) मिळून डिप्लोमाच्या एकूण 45 गुणांपैकी फार तर 3 गुण देतात, म्हणून बाहेरच्यांना हा प्रकार किरकोळ वाटतो. पण दोहोंपैकी एकात जरी ‘ई’ श्रेणी आली, तरी बाकीचे गुण कितीही असोत, डिप्लोमा हातचा जातो. पर्यवेक्षकाने पूर्ण मसुद्यावर अभिप्राय द्यायचा तो एकदाच. दुसऱ्यांदा वाचून टिपा देण्याची मुभा नाही. तेव्हा त्या एका वाचनात आपण काय सांगतो आणि कोणत्या निकषावर बोट ठेवतो, यावर त्या मुलाचे पुढचे सगळे काम अवलंबून असते.

2027 मध्ये डिप्लोमा पूर्ण करणाऱ्या तुकडीपासून एसेची मार्गदर्शिका बदलली. पूर्वी एकूण गुण 34 होते, आता 30 आहेत. पूर्वी चिकित्सक विचाराला एकट्याला 12 गुण होते. आता विश्लेषणाला 6 आणि चर्चा व मूल्यमापनाला 8 असे वेगळे निकष आहेत. मांडणीसाठी 4 गुणांचा जो स्वतंत्र निकष होता, तो गेला. आणि पूर्वी विद्यार्थी तीन टप्प्यांवर तीन चिंतने लिहीत असे, त्याऐवजी आता अखेरच्या मुलाखतीनंतर 500 शब्दांपर्यंतचे एकच निवेदन लिहायचे असते. हे सगळे पाच ओळींत सांगता येते. मी आत्ताच सांगितले.

आमच्या अपडेटमध्ये हे 22 मुद्द्यांपैकी सतराव्या मुद्द्यात आले. सोळावा मुद्दा ग्रंथालयात राहिलेल्या पाण्याच्या बाटल्यांविषयी होता आणि अठरावा वाहनतळाविषयी. सतरावा अक्षरशः असा होता: ‘ईईची मार्गदर्शिका अद्ययावत झाली आहे. बदल किरकोळ आहेत. येथे पाहावे.’ मी ‘येथे’ दाबले. परवानगी नव्हती. विनंती पाठवली. उत्तर आले नाही. माझ्या संगणकात मार्गदर्शिकेची जी प्रत आधीपासून होती ती मी उघडली, आणि एका विद्यार्थिनीचा इतिहासावरचा 3870 शब्दांचा मसुदा दोन रात्री बसून वाचला. समासात टिपा लिहिल्या. त्यांतल्या तीन टिपा अस्तित्वातच नसलेल्या मांडणीच्या निकषाबद्दल होत्या. ‘पहिले चिंतन छान उतरले आहे, दुसऱ्यात अजून प्रामाणिक हो’ असेही मी तिला लिहिले होते, आणि ती बिचारी आता कोणी मागत नसलेले ते दुसरे चिंतन तीन वेळा पुन्हा लिहून प्रामाणिक होत राहिली. चर्चा व मूल्यमापनाच्या 8 गुणांविषयी मात्र माझ्या त्या एकुलत्या अभिप्रायात धड एक वाक्य नाही.

चूक माझीही आहे. शिक्षकांसाठीच्या संकेतस्थळावर जाऊन नवी मार्गदर्शिका मी स्वतः उतरवून घेऊ शकले असते. घेतली नाही, कारण बदल किरकोळ आहेत असे मला कळविण्यात आले होते.

हे सगळे ध्यानात आल्यावर मी समन्वयकांकडे गेले. त्यांनी शांतपणे त्या अपडेटचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवला, मुख्याध्यापकांना प्रत दिली, आणि सतराव्या मुद्द्यावर पिवळा रंग फासला. पाठवताना त्यांना तो पिवळा रंग सापडला नव्हता. सिद्ध करताना सापडला.

सल्ले देण्याच्या मनःस्थितीत मी होते ती इथपर्यंत, आणि ‘आपण’ हे संबोधनही यापुढे मला झेपणार नाही. तुम्ही 22 मुद्दे लिहिता तेव्हा त्यांतल्या एकाचीही निवड करण्याचे कष्ट तुम्ही घेतलेले नसतात. जे जे समोर आले ते ते ओतलेले असते, आणि त्यातून वेचून घेण्याचे काम तुम्ही चाळीस माणसांवर टाकलेले असते. त्या चाळीस माणसांना वर्ग आहेत, तपासायच्या वह्या आहेत, प्रेडिक्टेड ग्रेड (अपेक्षित श्रेणी) द्यायच्या आहेत, कॅसच्या (सृजन, कृती, सेवा या उपक्रमांच्या) मुलाखती घ्यायच्या आहेत. तुमचा अर्धा तास वाचावा म्हणून त्या प्रत्येकाने आपला अर्धा तास का घालवायचा? बाटल्यांची सूचना ज्यांच्या बाटल्या हरवल्या त्यांना पाठवा. एसेची सूचना एसेच्या पर्यवेक्षकांना पाठवा, आणि तिच्यात दुसरे काहीही घालू नका.

बदल होतात याबद्दल कोणाची तक्रार नाही. अभ्यासक्रम ठरावीक वर्षांनी बदलायचेच. गणिताचे नवे दोन अभ्यासक्रम 2019 मध्ये सुरू झाले, टीओकेमधले सादरीकरण जाऊन 2022 च्या परीक्षांपासून तिथे प्रदर्शन आले, विज्ञानाच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या अहवालाला 2025 पासून 3000 शब्दांची मर्यादा आली. प्रत्येक वेळी कोणत्या ना कोणत्या विषयाची घडी मोडून नवी बसवावी लागते, आणि म्हणूनच अपडेटची आम्हाला खरोखर गरज असते. आम्ही ते टाळत नाही. आम्ही त्यात कामाचा मजकूर शोधतो आणि तो आम्हाला सापडत नाही. ‘बदल किरकोळ आहेत’ हे लिहिण्यापूर्वी ती मार्गदर्शिका तुम्ही स्वतः उघडली होती का? मला वाटते उघडली नव्हती. उघडली असती, तर 34 चे 30 झाले हे पहिल्याच नजरेत दिसले असते.

आणि ‘वाचले’ अशी खूण करण्याचा तो फॉर्म कृपा करून बंद करा. त्या आठवड्यात मी ती खूण केली होती. आम्ही सगळेच करतो, न वाचता करतो, आणि हे तुम्हाला ठाऊक आहे, कारण समन्वयक होण्यापूर्वी तुम्हीही आमच्याच कक्षात बसून ती तशीच करत होता.

त्या मुलीला माझ्याकडून आता दुसरा अभिप्राय मिळू शकत नाही. नियम तसा आहे, आणि तो मी मोडणार नाही. नवे निकष मी तिच्यासह सगळ्यांना वर्गात समजावून सांगितले आहेत. तेवढे करता येते, तेवढे केले. तिने विचारले, ‘मॅडम, मग ती दोन चिंतने मी काढून टाकू का?’ मी हो म्हणाले.

सतराव्या मुद्द्यातला तो दुवा मी आज सकाळी पुन्हा उघडून पाहिला. माझी विनंती अजून प्रलंबित आहे. ती मंजूर करा.