‘चार वेळा आपटली की होते सवय’ म्हणणाऱ्यांनो

आज संध्याकाळी ॲजिलिटीच्या, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीच्या, मैदानावर जे पाहिलं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लांबलचक लिहितेय.

दीड-दोन वर्षांची इंडी (देशी) कुत्री. टनेलमधून सुसाट, जंपवर नजर ठरत नव्हती. मग सी-सॉ आला, म्हणजे मधल्या टेकूवर वर-खाली होणारी लांब फळी. टेकूच्या पुढे गेली, फळी खाली गेली, सिमेंटवर धाडकन आपटली आणि पोरगी तिथूनच उडी टाकून कुंपणाला जाऊन चिकटली. शेपटी पोटाखाली, कान मागे, जीभ सारखी नाकावर. नाकासमोर चिकन धरलं तरी तिला ते दिसत नव्हतं. मालकाने काय करावं? पट्टा लावला, ओढत आणलं आणि पुन्हा फळीवर चढवलं. वर बाजूने सल्ला, ‘चार वेळा आपटली की होते सवय.’

नाही होत सवय! चौथ्या वेळी ती गप्प उभी राहते, तेव्हा तिने लढणं सोडलेलं असतं. पुढच्या वेळी ती सी-सॉ पाहून वळेल, मग त्याच्यासारख्या दिसणाऱ्या डॉगवॉकवर (उंचावरच्या न हलणाऱ्या फळीवर) चढणार नाही, मग मैदानाच्या फाटकाशीच बसेल. आवाजाची भीती अशीच पसरते.

आणि ओढून चढवून मिळवायचं काय? स्पर्धेत पट्टा काढून पळायचं असतं, कुत्र्याला हात लावला तरी चूक धरतात, फळी जमिनीला टेकायच्या आत उडी मारली की फॉल्ट. म्हणजे फळी टेकेपर्यंत तिने स्वतःहून, आनंदाने उभं राहायला हवं. ते ओढून कसं येणार? 1978 मध्ये लंडनच्या क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या शोमध्ये ॲजिलिटी पहिल्यांदा दाखवली, ती मधल्या वेळेत लोकांची करमणूक म्हणून. खेळ आहे हा.

सी-सॉची फळी साडेतीन मीटरहून जास्त लांब, टेकूपाशी उंची साधारण 60 सेंटिमीटर. कुत्र्याला तिथे एकाच क्षणी तीन गोष्टी सोसायच्या असतात: पायाखालची जमीन हलते, खाली आदळल्याचा दणका अंगात जातो आणि आवाज होतो. तिन्ही वेगवेगळ्या शिकवायच्या. एका दिवशी एकच वाढवायची, उंची तरी नाहीतर आवाज तरी.

आधी डुगडुगणारी फळी. अडीच बाय अडीच फुटांचा जाड प्लायवूड, वर घट्ट चिकटवलेलं रबर मॅट, खाली मधोमध अर्धा कापलेला टेनिस बॉल. फळी सतरंजीवर ठेवायची म्हणजे आवाज जवळपास नाही. कुत्र्याने एक पाय ठेवला, फळी हलली, लगेच ट्रीट. पाय उचलून ठेवायचा नाही, तिचा तिने ठेवायचा. सगळं मर्म इथे आहे. आवाज आपण केला तर ते संकट, तिने केला तर ते तिचं बटण. चार पाय टाकून ती मजेत फळी आपटायला लागली की सतरंजी काढा, मग फरशीवर घ्या.

याच्या जोडीला घरी एका खोक्यात प्लास्टिकच्या रिकाम्या बाटल्या भरा आणि तळाशी पनीरचे तुकडे टाका. ती नाक खुपसून जेवढा खडखडाट करेल तेवढाच होईल. बिचकली की बाटल्या कमी करा.

मग खरा सी-सॉ. वर असलेलं टोक तुम्ही हाताने जमिनीपासून 5 सेंटिमीटरवर धरा, खाली जाड गादी. तिने पुढचे दोन पाय टाकून दाबायचं, धप्प, चिकन. मग 10, मग 15. उंची जमली की पुन्हा 5 वर या आणि गादीऐवजी योगा मॅट घ्या. चालत जाणं सुरू कराल तेव्हा दोन्ही टोकांखाली भक्कम टेबलं, म्हणजे फळी जेमतेम हलेल. उतरायच्या बाजूचं टेबल थोडं थोडं खाली आणायचं. ट्रीट नेहमी टोकाशी, चारही पाय थांबल्यावर. हलकं कुत्रं टोकापर्यंत गेल्याशिवाय फळी नीट खाली जात नाही, आणि तीस किलोचं लॅब टेकू ओलांडतं न ओलांडतं तोच फळी कोसळते. त्याला वेग शेवटी द्या. ॲल्युमिनियमची फळी लाकडीपेक्षा जास्त खणखणते आणि सिमेंट गवतापेक्षा दुप्पट वाईट. आज त्या पोरीला नेमकं हेच दिलं, तेही पहिल्याच दिवशी. संताप येतो.

एका वेळी पाच-सहा वेळा, तीन ते पाच मिनिटं, बास. तिला अजून हवं असताना थांबायचं. दचकली तर त्या दिवशी सी-सॉ बंद, दोन-तीन दिवस फक्त वास घेत फिरवा. एका भीतीचा ताण उतरायच्या आत दुसरी आली की साठत जातं, आणि मग कुकरच्या शिट्टीलाही ती पलंगाखाली जाते.

आता ढोलपथकांचे सराव सुरू झालेत. ढोल-ताशा बंद करा असं मी म्हणत नाही, आपलाच सण आहे. पण ‘सवय लागावी’ म्हणून कुत्र्याला पथकाच्या शेजारी उभं करणारे दरवर्षी दिसतात. लांब उभे राहा हो! जिथे तिचा कान फक्त वळतो आणि ती चिकन खाते, ते तुमचं अंतर. मग ते पाव किलोमीटर असो की एक. क्रम चुकवू नका: आधी आवाज, एक-दोन सेकंदांत खाऊ. उलट केलं तर चिकनची पिशवी दिसली की ती घाबरायला लागेल. मोबाइलवरच्या रेकॉर्डिंगने फटाक्यांचा थोडा सराव होतो, ढोलाचा नाही, कारण तो घुमणारा खालचा आवाज फोनच्या स्पीकरमधून निघतच नाही. रेकॉर्डिंगला शांत बसलेलं कुत्रं खऱ्या ढोलाला हादरतं ते यामुळे.

काही कुत्री आपोआप सुधारतात, मान्य. पोलिसांची आणि सैन्याची कुत्री गोळीबारातही उभी राहतात, तेही मान्य, पण ती निवडून घेतलेली असतात आणि पायरीपायरीने शिकवलेली.

तो मालक वाईट माणूस नव्हता. नंतर तो तिच्याजवळ जमिनीवर बसला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला. कोणीतरी म्हणालं, ‘जवळ घेऊ नका, भीती वाढेल’, आणि त्याने हात मागे घेतला. अहो, घ्या की जवळ! भीती ही बसण्या-उठण्यासारखी सवय नाही, धीर दिल्याने ती वाढत नाही. ती अंगाशी येऊन टेकली तर टेकू द्या, दूर जायचं असेल तर जाऊ द्या.

आणि एक. मोठं झालेलं कुत्रं अचानक आवाजाला घाबरायला लागलं तर आधी व्हेटकडे जाऊन कंबर, गुडघे, पाठ तपासा. दचकल्यावर स्नायू आखडतात, दुखऱ्या जागी कळ जाते आणि कुत्रं ती कळ आवाजाशी जोडतं. अशा वेळी सी-सॉ पूर्ण बंद.

दिवाळीसाठी औषध लागणार असेल तर आत्ताच विचारा. शांत दिवशी एकदा देऊन कसं लागू पडतं ते बघावं लागतं, मात्रा ठरवावी लागते, आदल्या रात्री ते होत नाही. नुसतं ॲसिप्रोमाझिन (गुंगीचं औषध) लिहून दिलं तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, भीतीवर काय देताय? त्याने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते, आणि कुत्र्याला पळताही येत नाही.