रपट्यावर पाणी असताना: धाडसी मंडळींसाठी सूचना

मुंबईत पाणी तुंबलं की दिवसभर टीव्हीवर दाखवतात. आपल्या गावात गुडघाभर साचलं तरी बातमी तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या पुढं सरकत नाही. हा अन्याय आहे. मुंबईला निदान समुद्राच्या भरतीची मदत होते. आपलं गाव उतारावर, शेजारी नाला, नाल्याला पुढं नदी. अशा जागी पाणी साचवून दाखवायला अंगात कसब लागतं. विदर्भातल्या बऱ्याच गावांनी ते कमावलेलं आहे. ज्यांचं थोडं कमी पडतं, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात रस्त्यापासून करा. जुना सिमेंट रस्ता फुटला तर तो उखडायचा नाही, त्याच्याच उरावर नवा थर टाकायचा. एक थर पाच-सहा इंचांचा. तीन सरपंचांच्या कारकिर्दी उरकल्या की रस्ता दीड फूट वर जातो आणि जुनी घरं होती तिथंच राहतात. मग ओसरीत उतरायला माणसाला पायरी लागते, पाण्याला तीही लागत नाही. रस्ता मधोमध किंचित उंच ठेवावा, तीन मीटरच्या रस्त्याला मध्यापासून कडेपर्यंत तीन सेंटिमीटर उतार द्यावा, असं इंजिनिअर लोक म्हणतात. तीन सेंटिमीटर म्हणजे जेमतेम दोन बोटं. एवढ्यासाठी मिस्त्रीला कशाला त्रास द्यायचा? फळी ओढताना मध्ये खोलगट झालं तर उलट बरं, पाणी कडेला सांडून वाया जाणार नाही.

नालीचंही तसंच. शंभर मीटरला निदान अर्धा मीटर उतार असला तर पाणी गाळासकट पुढं जातं. तुम्ही उतार नजरेनं काढा. नाली गावाच्या वरच्या टोकापासून बांधायला घ्या आणि निधी संपेल तिथं संपवा. ती जागा कोणाच्या तरी घराची मागची भिंत असली की काम पूर्ण. वरून ढापे सिमेंटनं पक्के बसवून टाका, म्हणजे पुढं कोणाला गाळ काढायची दुर्बुद्धी होणार नाही. मे महिन्यात नाला साफ करायची वेळ आलीच, तर जेसीबीनं गाळ उपसून काठावरच ढीग लावा. मिरगाचे पहिले दोन पाऊस तो ढीग होता तिथं नेऊन ठेवतात. फोटो त्याच्या आधी काढून घ्या.

आता रपट्याखालचे, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलाखालचे, पाईप. 900 मिलिमीटरचे टाकायचे की 600 चे, असा प्रश्न निघाला तर 600 चे दोन टाका आणि "एकाच्या जागी दोन टाकले" असं छातीठोक सांगा. दोन 600 च्या तोंडांचं क्षेत्रफळ मिळूनही एका 900 च्या तोंडाएवढं भरत नाही, पण हे गणित गावात कोणी करत नाही. शिवाय 900 च्या पाईपात माणूस ओणवा होऊन शिरतो आणि गाळ काढून येतो. 600 मध्ये फावडंही नीट फिरत नाही. बाकीचं काम बेशरम नावाची झुडपी वनस्पती करते. ती नाल्यात माजलेली असतेच. पहिल्या पुरात उपटून येते आणि पाईपाच्या तोंडाशी आडवी बसते. तिच्यावर पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या, खताच्या रिकाम्या पिशव्या आणि गावाबाहेर फेकलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या येऊन अडकल्या की चांगला घट्ट बांध तयार होतो. असा बांध जलसंधारणाच्या कुठल्याही योजनेत सहसा जमत नाही.

पाऊस किती पडतो याचाही थोडा अभ्यास असावा. महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या सरकारी गटात, 24 तासांत 65 मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. पर्जन्यमापक मंडळाच्या एका जागी उभा, तुमचं वावर तिथून दहा-बारा किलोमीटरवर, आणि ढगाला मंडळाचा नकाशा कोणी दिलेला नाही. तिकडं 64 भरला तर तुमचं वाहून गेलेलं सोयाबीन कागदावर साध्या सरीत भिजलेलं असतं. 65 मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरवर साडेसहा लाख लिटर. दहा हेक्टरांच्या गावठाणावर एका दिवसात 65 लाख लिटर, म्हणजे पाच हजार लिटरचे 1,300 टँकर. हेच गाव एप्रिलमध्ये एका टँकरसाठी तहसीलला अर्ज देऊन बसलेलं असतं. त्या 1,300 टँकरांतलं बरंचसं तुमच्या ओसरीतून गेलं, तर तक्रार कसली करता?

झड लागली, नाल्याला पूर आला, रपट्यावरून पाणी चाललं. आता खरी मजा. अलीकडच्या काठावर पंधरा-वीस जण जमलेले असतात. त्यातल्या निम्म्यांना पलीकडं काही काम नसतं, त्यांच्याकडं मोबाईल असतो. एक जण "काही नाही होत बे, गुडघाभर तं हाय!" म्हणायला नेमलेला असतो. त्याचं ऐका. तो स्वतः कधीच पाण्यात उतरत नाही, म्हणून त्याचा अनुभव दांडगा.

नेमकं काय होतं ते समजून घेतलं की जास्त आत्मविश्वासानं जाता येईल. लहान कारचा तळ रस्त्यापासून साधारण 17 सेंटिमीटर वर असतो. पाणी तळाला टेकल्यावर पुढच्या प्रत्येक सेंटिमीटरला ते गाडीचं पन्नासेक किलो वजन उचलतं. गाडी आठशे किलोची धरा. तळाच्या वर 16 सेंटिमीटर चढलं की चाकांवर वजन उरत नाही. म्हणजे एकूण पाणी 33 सेंटिमीटर, गुडघ्याच्या बरंच खाली. तेवढ्यात स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. बिनमाहितगार माणसाला वाटतं, गाडी झकास चालली. ती चाललेली असते खरी, पण आडवी. उभ्या माणसाला पाडायला तर वाहत्या पाण्याची वीतभर खोलीही पुरते. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ढकल चौपट होते, आणि रपट्यावर पाणी अरुंद जागेतून निघत असल्यानं वेग तिथंच सगळ्यात जास्त. रपटा बांधताना ही सोय आपोआप होते.

रपट्याची कड दाखवायला दोन्हीकडं पांढरे दगड असतात. तुमच्याकडं नसतील, कारण ते कोणाच्या तरी गोठ्याच्या पायात बसले आहेत. हरकत नाही, अंदाजानं मधोमध धरा. पाण्याखाली रपटा आहेच असंही धरून चाला. पूर खालच्या बाजूनं माती कोरत जातो, आधी दोन्ही टोकांचा भराव नेतो, मग स्लॅबखाली पोकळी करतो. काळी माती ओली झाली की विरघळल्यासारखीच निघते. वरून स्लॅब साबूत दिसतो, खाली काही नसतं. म्हणून पाणी ओसरल्यावर पहिलं वाहन आपलंच असावं, असा आग्रह धरा. मागून येणाऱ्या भित्र्या लोकांनी उतरून, काठीनं ठोकून, कडेला वाकून बघितलं तर त्यांना हसा.

ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं सांगायला नको. ट्रॅक्टर उंच, वजनदार, सायलेन्सर आभाळाकडं. अडचण एवढीच की मागं रिकामी ट्रॉली असते, तिच्या चाकांत हवा असते आणि ती ट्रॅक्टरच्या आधी तरंगते. ट्रॉली प्रवाहाबरोबर फिरली की हुकाला धरून ट्रॅक्टरचं बूड ओढते. ट्रॉलीत शाळेची पोरं आणि बाजाराच्या बाया बसवल्या की वजन वाढेल, असा एक जुना समज आहे. वीस माणसांचं वजन एक टन, आणि ट्रॉलीचा तळ बुडाला की पाणी तेवढं वजन वीतभरातच उचलून घेतं.

28 सप्टेंबर 2021 ला उमरखेड तालुक्यात दहागावच्या नाल्यावर एसटी बस अशाच पाण्यात घातली गेली. बस वाहून गेली, माणसं गेली. यात थट्टेला जागा नाही.

"आमच्याकडं तं ऊन हाय, पाणी कुठून आलं?" असं विचारत उभे राहणारे असतात. वर्धा नदीकाठी हा प्रश्न दर वर्षी ऐकू येतो. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरणाचे 13 दरवाजे आहेत. ते उघडले की खाली नदी चढते आणि नदीला मिळणाऱ्या नाल्याचं पाणी मागं फुगतं. या फुगवट्याला ना खळखळाट असतो ना लाटा, त्यामुळं तो फार सभ्य दिसतो. रपट्यावर हळूहळू, आवाज न करता चढतो. पोलीस पाटलानं किंवा कोतवालानं येऊन सांगितलं तर "दर वर्षीचंच हाय" म्हणून परत पाठवा.

भामरागडच्या लोकांना या सूचनांचा उपयोग नाही. तिथल्या पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षं पाण्याखाली जात आला. पूर आला की थांबायचं, हे तिथं लहान पोरालाही कळतं. दुर्गम गावांत पावसाळ्याआधीच धान्य पोचवून ठेवायची पद्धत आहे. हे फार मागासलेपण झालं. आपल्याकडं लहान नाल्याचा पूर, वरून पाऊस थांबला तर, काही तासांत उतरतो, आणि तेवढे तास आपल्याला निघत नाहीत.

फटफटी पाण्यात बंद पडली की लगेच किक मारा, जोरात मारा. सिलिंडरमध्ये हवा असते तेव्हा पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही, म्हणून वाकतो तो कनेक्टिंग रॉड. बटनस्टार्ट असेल तर आणखी उत्तम, हे काम अंगठ्यानं होतं. ज्यांना गॅरेजवाल्याचं भलं व्हायला नको आहे, ते लोक चावी बंद करतात, गाडी ढकलत कोरड्यात आणतात, पान्यानं प्लग काढतात, चावी बंदच ठेवून दहा-पंधरा किका मारतात आणि प्लगच्या भोकातून पाणी उडवून लावतात. मग एअर फिल्टरचा डबा उघडून स्पंज पिळतात, गाडी मागं कलती करून सायलेन्सर रिता करतात, जुनी गाडी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू ढिला करून पेट्रोलखालचं पाणी सोडून देतात. ऑईलचा दांडा काढून बघतात. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ते बदलल्याशिवाय गाडी चालूच करत नाहीत. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्यांत कार्बोरेटर नाही, सेन्सर आणि वायरिंग आहे. तिथं स्क्रू शोधत बसणाऱ्याला गाडी स्वतःच शिकवते.

पांदणीतून, म्हणजे शेताकडच्या कच्च्या वाटेनं, जाणार असाल तर पुढचं मडगार्ड अजिबात काढू नका. काळ्या मातीचा चिखल चाक आणि मडगार्डमध्ये ठासून भरतो, चाक जाम होतं, आणि गाडी उभ्यानं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आडवी होते. काही जुने शेतकरी जूनमध्येच मडगार्ड काढून गोठ्यात टांगतात. गाडीची शान जाते ना त्यानं! तुम्ही तुरीची काडी घेऊन दर पन्नास पावलांवर चिखल कोरत जा, व्यायाम होतो.

पाणी घरात शिरलं तर मेन स्विच बंद करायला घाई नको, सीरियल सुरू असेल. डीपीजवळच्या, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरजवळच्या, पाण्यातून जाताना पायांना झिणझिण्या आल्या तर ते थंडीनं होतंय असं समजा. शहाणी माणसं अशा वेळी पाय जुळवून, बोटभर बोटभर सरकत मागं फिरतात, कारण दोन पायांत अंतर जितकं जास्त, तितका विजेचा फरक जास्त आणि तो अंगातून जातो. खांबाची ताण तार धरून तोल सावरणारेही असतात. त्यांना सूचना देऊन उपयोग नसतो.

पूर ओसरल्यावर विहीर. पाणी गढूळ दिसतं पण "निवळलं की झालं" हे सूत्र लक्षात ठेवा. ज्यांना हगवणीची साथ नको आहे ते हिशेब करतात: विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले 785, इतके लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे 28,000 लिटर. हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, धरली तर 140 ग्रॅम, आणि पुराच्या गाळपाण्याला त्याहून जास्त. टीसीएल बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दोरानं विहिरीत सोडून हलवायचं आणि तासभर कोणाला पाणी भरू द्यायचं नाही. आपल्या ग्रामपंचायतीत मात्र कोपऱ्यात तीन वर्षांपूर्वी उघडलेलं पोतं असतं. त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो, उरलेल्या चुन्यानं पोळ्याला अंगण आखता येतं.

15 ऑगस्टच्या ग्रामसभेत हा विषय निघेल. निघाला तर रस्त्याच्या आणखी एका थराचा ठराव घ्या, नाक्यावर स्वागत कमान मागा, हायमास्ट मागा. फक्त एक काळजी घ्या, सभेत कोणी लेव्हलचं नाव काढता कामा नये. मिस्त्रीकडं दहा-पंधरा मीटरची पारदर्शक प्लास्टिकची नळी असते. ती पाण्यानं भरून आतला बुडबुडा काढला, एक टोक वरच्या नालीच्या बुडाशी धरलं आणि दुसरं पुढं सरकवत नेलं, की दोन माणसं अर्ध्या दिवसात रपट्यापर्यंतचा उतार मोजतात. स्वतःच्या घराचा स्लॅब टाकताना प्रत्येकानं ही नळी लावलेली असते. सभेला मिस्त्री आला असेल, तर त्याला आधी चहा आणायला पाठवा.