सरासरी वाढली, पगार कोणाचा वाढला?

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘अकाउंट्स-फायनान्समध्ये पगार दर वर्षी वाढतातच. सरासरी बघा, सॅलरी रिपोर्ट बघा. कितीही मशीनं आली तरी हिशेबाला माणूस लागतोच.’ शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीचं ताळ्याला लागत नाही.

आधी सरासरी. समजा, एका अकाउंट्स विभागात दहा जण आहेत. सहा जण व्हाउचर एन्ट्री, म्हणजे बिलं-पावत्यांची नोंद करणारे, प्रत्येकी 20 हजार. चार सीनियर, प्रत्येकी 60 हजार. सरासरी 36 हजार. मग बिलं आपोआप वाचणारं सॉफ्टवेअर येतं आणि एन्ट्रीवाले तिघे घरी जातात. उरलेल्या सातांची सरासरी होते सुमारे 42,860. एकोणीस टक्के वाढ, आणि जादा छदामही कोणाला मिळालेला नाही! गेलेली माणसं सरासरीतूनही गेली, एवढंच.

मुळात ‘अकाउंट्स-फायनान्स’ ही एक जमात नाहीच. अमेरिकी सरकारची मे 2023 ची आकडेवारी घ्या. सगळ्यांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर मधोमध येणाऱ्या माणसाचा वार्षिक पगार असा: बुककीपिंग क्लार्क 47,440 डॉलर, अकाउंटंट व ऑडिटर 79,880, फायनान्स मॅनेजर 1,56,100. पहिल्याच्या तिपटीहून जास्त तिसऱ्याला. या तिघांना एका पिशवीत घालून ‘पगार वाढले’ म्हणायचं, म्हणजे कोणाचे?

‘दर वर्षी वाढतात’ हेही तपासू. इन्क्रिमेंट 8 टक्के आणि महागाई 6 टक्के असेल, तर खरी वाढ दोन टक्केही भरत नाही. हे अकाउंट्सवाल्यांनाच समजावून सांगावं लागतं, याची गंमत वाटते. दिवसभर दुसऱ्यांचा घसारा, म्हणजे मालमत्तेची घटलेली किंमत, काढतो आपण, स्वतःच्या पगाराचा काढत नाही.

सॅलरी रिपोर्टचं थोडक्यात. त्यातले बरेचसे भरती कंपन्या काढतात आणि आकडे बहुधा नव्या माणसाला देऊ केलेल्या पगाराचे असतात. पाच वर्षं त्याच खुर्चीत बसलेल्याचा पगार त्यात दिसत नाही. शिवाय या कंपन्यांची फी अनेकदा पहिल्या वर्षाच्या पगाराच्या टक्क्यावर ठरते. आकडा फुगला तर त्यांचं काही बिघडत नाही.

बरं, फायनान्सचे पगार कायम चढेच असतात का? फिलिपॉन आणि रेशेफ या अर्थतज्ज्ञांनी 2012 मध्ये अमेरिकेतला जवळपास शतकभराचा हिशेब मांडला. महामंदीनंतर या क्षेत्राचा पगारातला वरचष्मा ओसरला आणि कित्येक दशकं तसाच राहिला. 1980 नंतर नियम सैल होत गेले तसा तो पुन्हा चढला. चढलेलं उतरतंही.

आता माणूस लागतोच याबद्दल. 1979 मध्ये व्हिजिकॅल्क ही स्प्रेडशीट, म्हणजे संगणकावर आपोआप हिशेब करणारा तक्ता, आली. हाताने बेरजा मारण्याचं काम आटलं, आकड्यांचा अर्थ लावणाऱ्यांचं वाढलं. म्हणून अर्धं खरं. पण अर्थ लावायला माणूस शिकतो कुठे? महिनाअखेरीला बँक रिकन्सिलिएशन, म्हणजे बँकेच्या नोंदी आपल्या हिशेबाशी जुळवायचं काम करत, न जुळणारी एक एन्ट्री रात्री नऊपर्यंत शोधत. तेच काम सॉफ्टवेअरकडे गेलं की ज्युनियर घेतले जात नाहीत, दहा वर्षांनी सीनियर मिळेनासे होतात, मिळतील त्यांचे पगार चढतात, सरासरी आणखी वर जाते. आणि हाच मेसेज नव्या आकड्यासह पुन्हा फिरतो.