रंग आकाराचा, तेज पृष्ठभागाचे

क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहक पदार्थाचे काही नॅनोमीटरचे, प्रकाश देणारे कण; त्यांच्यावरील लेखातील ‘क्वांटम डॉटचा रंग आणि तेज केवळ त्याच्या आकारावर ठरते’ हे विधान अर्धेच बरोबर आहे. तेज मुख्यतः पृष्ठभागावर अवलंबून असते, कारण तेथील अणूंचे बंध अपुरे राहिले की उत्तेजित इलेक्ट्रॉन तिथे अडकतात आणि त्यांची ऊर्जा बहुतांशी उष्णतेच्या रूपाने निघून जाते. पुण्यात एम.एस्सी.च्या प्रकल्पात कॅडमियम सेलेनाइडचे असे कण मी (शुद्धतेच्या अतिहौसेने) अ‍ॅसिटोनने चार वेळा धुतले. त्याबरोबर पृष्ठभागावरचे अपुरे बंध झाकणारे ओलेइक आम्लाचे आवरणही सुटत गेले आणि अतिनील दिव्याखालचा हिरवा उजेड जवळजवळ विझला, रंग मात्र फारसा बदलला नाही. शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी १९९६ साली अशाच कणांवर झिंक सल्फाइडचे कवच चढवून सामान्य तापमानाला सुमारे ५० टक्के प्रकाश-उत्सर्जनक्षमता (शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे सुमारे पन्नास परत बाहेर) मिळवली होती, त्याचा उल्लेख लेखात हवा होता.