काकुरोत म्हणे अंदाजच मारावा लागतो!

काकुरो म्हणजे शब्दकोड्यासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटीत १ ते ९ अंक भरून दिलेल्या बेरजा जुळवायचं कोडं. त्याच्याबद्दल सध्या एक फॉरवर्ड जिकडेतिकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं की काकुरो म्हणजे सुडोकूची कॉपी करून त्यात बेरीज घुसडलेली, गणित पक्कं असेल तरच वाट्याला जा, अर्ध्यात पोचलं की अंदाज मारावाच लागतो, कॉम्प्युटरलासुद्धा ते जमत नाही, पण रोज एक सोडवलं की म्हातारपणी विसरायला होत नाही. शेवटी टीप, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन बसा. एवढुशा मेसेजात इतक्या थापा बघून राहवलं नाही.

पहिली कॉपीची गोष्ट, ती तर उलटीच आहे. हे कोडं अमेरिकेत डेल कंपनीच्या मासिकांत क्रॉस सम्स या नावाने १९६६ मध्येच आलं होतं. आज आपण ज्याला सुडोकू म्हणतो ते त्याच डेलच्या मासिकात नंबर प्लेस म्हणून आलं १९७९ मध्ये, म्हणजे १३ वर्षांनी. काकुरो हे नाव नंतरचं, जपानच्या कोडी छापणाऱ्या निकोलीवाल्यांचं, कासान म्हणजे बेरीज आणि कुरोसु म्हणजे क्रॉस, ते आखडून काकुरो. झालं. आणि खेळही वेगळा आहे, सुडोकूत आकड्यांच्या जागी अ आ इ टाकलं तरी कोडं तेच राहतं, इथे आकडा काढला की कोडंच संपलं.

गणित पक्कं हवं म्हणे. अहो, १ ते ९ सगळे मिळून होतात ४५, याच्या पुढची बेरीज एका पट्टीत, म्हणजे सलग पांढऱ्या घरांच्या एका रांगेत, येऊच शकत नाही. काळ्या घरातल्या तिरप्या रेघेच्या वरचा आकडा उजवीकडच्या आडव्या पट्टीचा, खालचा आकडा खाली जाणाऱ्या उभ्या पट्टीचा, आणि एका पट्टीत एकच अंक दोनदा नाही, बास, एवढेच नियम. बरेचजण इथेच गंडतात, त्यांना वाटतं पूर्ण ओळीत अंक रिपीट चालत नाही, पण मध्ये काळं घर आलं की नवी पट्टी सुरू, तिथे तोच अंक बिनधास्त येतो. (मीपण पहिलं कोडं याच नादात फाडून टाकलं होतं, चूक कोड्याची समजून.)

आता अंदाजाचं, खरा राग मला याचाच आहे. दोन घरांत ४ म्हणजे १ आणि ३च, २ आणि २ चालत नाही. दोन घरांत ३ म्हणजे १ आणि २. ह्या दोन पट्ट्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे १ शिवाय काय येणार? तसंच १६ म्हणजे ७-९ आणि १७ म्हणजे ८-९, छेदात ९. तीन घरांत २४ असेल तर ७-८-९, चार घरांत ११ असेल तर १-२-३-५. आठ घरांची पट्टी लोकांना भीतीदायक वाटते पण ती सगळ्यात सोपी, ४५ मधून बेरीज वजा करा, जो उरला तो अंक तिथे नाही. घरांची संख्या आणि बेरीज अशा एकूण १२० जोड्या होतात, त्यातल्या ३४ जोड्यांना अंकांचा एकच संच आहे, म्हणजे सुरुवात करायला आधार भरपूर असतो.

आणि असा आधार नसतो तेव्हाही अंदाज नाही, वजाबाकी. समजा कोपऱ्यात दोन आडव्या पट्ट्या आहेत, दोन-दोन घरांच्या, बेरजा १० आणि ११, मिळून २१. तीच चार घरं उभी मोजली तर पहिली पट्टी दोन घरांची, बेरीज ९, दुसरी मात्र एक घर खाली जास्त जाते, तिची बेरीज १७. उभ्या मिळून २६. मग ते जास्तीचं घर किती? ५! बाकी चार घरांतला एकही अंक माहीत नसताना. ही युक्ती कळल्यावर मी दोन दिवस जुनी अर्धवट टाकलेली कोडी काढून बसले होते. इथे ७ धरून बघू, पुढे अडलं तर ७ नाही, असंही कधी करावं लागतं, पण त्याला अंदाज नाही म्हणत, ती सिद्धता झाली. नीट बनवलेल्या कोड्याला उत्तर एकच असतं, दोन निघाली तर बनवणारा चुकलाय.

कॉम्प्युटरचं कुठून आलं असेल तेही सांगते. कितीही मोठी चौकट घेतली तरी झटपट सोडवेल अशी एकच रीत अजून कुणाला सापडलेली नाही, काकुरो त्या एनपी-कम्प्लीट नावाच्या गटात मोडतं. ते बरोबरच आहे. पण ती गोष्ट मनाला येईल तेवढ्या मोठ्या चौकटीची, पेपरातलं कोडं प्रोग्रॅम डोळ्याचं पातं लवायच्या आत सोडवतो.

म्हातारपणाचं काय, तर कोडी सोडवून विसरभोळेपणा नक्की टळतो असं काही सिद्ध झालेलं नाही. रोज काकुरो सोडवलं की काकुरो चांगलं जमायला लागतं, एवढं मात्र हमखास.

राहिली पेन्सिलची टीप, ती मान्य. पण चुकलेला अंदाज खोडायला नाही, घराच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात शक्य असलेले अंक लिहायचे आणि एकेक उडवत जायचं, त्यासाठी.