पणजोबांचा बिल्ला

आमच्या देवघरात समईच्या मागे चांदीचं एक पदक असतं. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. आजी त्याला खंडोबा समजून हळदकुंकू वाहायची. पणजोबा 'बसऱ्याच्या लढाईला' गेले होते, एवढंच घरात ठाऊक.

यंदा आंब्याच्या शेवटच्या पेट्या मुंबईला रवाना झाल्या आणि मी शोधाला लागलो. पहिल्या महायुद्धाच्या या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते म्हणे. भिंग लावलं. कड गुळगुळीत! दर गणपतीला चिंच आणि राख लावून तीन पिढ्यांच्या बायकांनी ती घासली होती. उरलं होतं शेवटचं 'राम' आणि '११'.

आमच्या घरात सखाराम, तुकाराम, आत्माराम, सीताराम सगळे होऊन गेलेले. पलटणीचंही तेच. ११ ने सुरू होणाऱ्या मराठ्यांच्या ११०, ११४, ११६, ११७ अशा चार पलटणी. ११० असेल तर पणजोबा इराकात, बसऱ्याच्या पुढे कूतच्या वेढ्यात सापडले आणि २९ एप्रिल १९१६ ला तुर्कांचे कैदी झाले. ११४ असेल तर गोष्टच वेगळी. त्यात १९२२ साली सरकारने सगळे नंबर बदलले.

युद्धातल्या मृतांच्या नोंदी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनकडे आहेत. तिथे कुणाकुणाच्या बापाचं नाव, गाव, 'खेड, रत्नागिरी' असं सगळं सापडतं. पणजोबा नाहीत, कारण ते जिवंत परत आले. शिवाय लग्न केलं, सात मुलं झाली. म्हणजे मी आहे म्हणून नोंद नाही. पंजाबच्या भरतीच्या वह्या लाहोरच्या संग्रहालयात मिळाल्या, नेटवर आल्या. आमच्या वाट्याला शाळेच्या भिंतीतली संगमरवरी पाटी: '१९१४-१९१९, या गावातून ३१ गेले, ४ परत आले नाहीत.' नाव एकाचंही नाही. बाकीच्या २७ त आमचे असावेत.

शेवटी एका कचेरीला पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी उत्तर आलं: 'कृपया सैनिक क्रमांक कळवावा.' अहो, तोच तर शोधतोय!

आत्याला फोन केला. म्हणाली, "नाव तुकारामच रे. पण भरतीला जाताना भावाच्या नावावर गेलेले."

"कुठल्या भावाच्या?"

"ते काय मला माहीत? सगळेच रामात संपायचे."

मी पदक पुन्हा भिंगाखाली धरलं. तेवढ्यात आई चिंचेचं बुटकुलं घेऊन आली. "दे इकडे तो बिल्ला. परवा गणपती बसायचेत, किती काळा पडलाय बघ."