ई-६९ वर एकट्याने जायला बंदी नाही

नॉर्वेतला ई-६९ हा ‘जगातला शेवटचा रस्ता’, तिथे एकट्याने जायला बंदी, वर सहा महिने काळोख, असा मजकूर पुन्हा फिरतोय. बंदी मुळीच नाही. ओल्डरफ्योर्ड गाव ते उत्तर टोकाचा नॉर्डकॅप कडा या १२९ किलोमीटरवर लोक एकटे गाडीने जातात, सायकलनेसुद्धा. अफवेचं मूळ बहुधा हिवाळ्यातल्या नियमात असावं: तेव्हा शेवटच्या सुमारे १३ किलोमीटरवर बर्फ हटवणाऱ्या गाडीमागून, ठरलेल्या वेळी ताफ्यानेच जावं लागतं. सूर्य उगवत नाही तो काळ साधारण दोन महिन्यांचा. आणि ‘शेवटचा रस्ता’ म्हणाल, तर नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवरचे रस्ते याहून कितीतरी उत्तरेला आहेत. नॉर्डकॅपचा ३०७ मीटर उंच कडा भव्यच आहे, पण आल्टा या शहरामार्गे जाणाऱ्यांनी आल्टातली खडकांवरची हजारो वर्षं जुनी कोरीव चित्रं आवर्जून पाहावीत. १९८५पासून ती जागतिक वारसा यादीत आहेत.